दरमहा २५ रुपये : बाबासाहेबांचे शिक्षण कसे उभे राहिले?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये सत्कार सुरू होतात. विहारात सभा होते, मुलामुलींना पुष्पगुच्छ आणि ट्रॉफी दिली जाते, बाबासाहेबांचे एखादे पुस्तक भेट मिळते, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. हे व्हायलाच हवे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न पुढच्या महिन्याचा आहे. त्याच मुलांपैकी कोणाचा जातीचा दाखला निघालेला नसतो, कोणाच्या वडिलांचे उत्पन्न प्रमाणपत्र मागच्या वर्षीचे असते, कोणाला वसतिगृहाच्या अर्जाची तारीख निघून गेल्यावर कळते. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, तर वेळेवर सांगणारे कोणी नव्हते म्हणून वर्ष वाया जाते. कधी कधी शिक्षणच सुटते.

बाबासाहेबांचे चरित्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, संविधान, धम्मदीक्षा हे टप्पे आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यांच्या पदव्यांची यादीही आपण अभिमानाने सांगतो. पण त्या प्रत्येक पदवीमागे पैसा कुठून आला, अर्ज कोणी केला, अटी काय होत्या आणि मुदत संपल्यावर त्यांनी काय केले, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. आज आम्ही त्यांचे चरित्र याच बाजूने मांडणार आहोत. त्यात आजच्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याहून जास्त आजच्या कार्यकर्त्यासाठी मोठा धडा आहे.

सुभेदारांचे घर

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत असत. ही गोष्ट महत्त्वाची आहे. पलटणीत भरती झालेल्या आपल्या माणसांना आणि त्यांच्या मुलांना तिथे शाळा मिळाली होती. गावकुसाबाहेर ज्या अक्षराला बंदी होती, ते अक्षर या घरात पलटणीच्या मार्गाने आले होते.

रामजी निवृत्त झाले, कुटुंब पुढे साताऱ्याला आले. तिथेच आई भीमाबाईंचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत हा मुलगा बसायला घरून गोणपाट न्यायचा, आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय त्याला पाणी मिळत नव्हते. सगळ्यांना ठाऊक असलेली ही हकिकत आम्ही लांबवत नाही. एवढेच लक्षात घ्यायचे की इतके सोसूनही शाळा सुटली नाही, कारण घरात शिक्षणाचा हट्ट धरणारा बाप होता.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. खोली एक, माणसे अनेक, उत्पन्न म्हणजे सुभेदारांची पेन्शन. थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. धाकट्या भीमरावाचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले गेले. मुलगा संध्याकाळी लवकर झोपायचा, बाप मध्यरात्रीनंतर त्याला अभ्यासाला उठवायचा, कारण त्या खोलीत शांतता तेवढ्याच वेळी असायची. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, दागिना गहाण ठेवून पुस्तक आणायचे आणि पेन्शन हातात आली की तो सोडवून परत द्यायचे. बाबासाहेबांच्या आयुष्यातली पहिली शिष्यवृत्ती कोणती असे कोणी विचारले, तर आम्ही या दागिन्यांकडे बोट दाखवू. आत्याच्या, बहिणीच्या अंगावरचे सोने मुलाच्या पुस्तकासाठी उतरवण्याची ही रीत आपल्या घरांना नवी नाही.

७५० पैकी २८२

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने ३८ टक्केसुद्धा नाहीत. त्या काळी मॅट्रिक होणे अवघड होते आणि त्यांच्या परिस्थितीतून ते अधिकच अवघड होते, हे खरेच. तरीही ९० टक्क्यांच्या खाली गुण मिळाले म्हणून तोंड लपवणाऱ्या मुलांना आणि सत्काराच्या यादीतून त्यांचे नाव गाळणाऱ्या आपल्या मंडळांना हा आकडा सांगितला पाहिजे. गुणपत्रिका पाहून कोणाचे पुढे काय होईल हे ठरवले असते, तर आपल्या समाजाने बाबासाहेबांनाच गमावले असते.

आणखी एक गोष्ट. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. विषयाची निवडही त्यांच्या हातात नव्हती. जो विषय मिळाला तो त्यांनी नीट केला आणि बी.ए.पर्यंत नेला. संस्कृत त्यांनी पुढे स्वतः अभ्यासून मिळवले.

केळूसकर गुरुजी

आता आम्ही ज्या माणसाबद्दल मुद्दाम लिहिणार आहोत तो माणूस येतो. कृष्णराव अर्जुन केळूसकर. शिक्षक आणि लेखक. शिवछत्रपतींचे आणि तुकारामांचे चरित्र लिहिणारे, सत्यशोधक विचारांशी जवळीक असलेले गृहस्थ. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एकटाच वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके द्यायला सुरुवात केली. सुभेदारांशीही त्यांचा स्नेह होता.

भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर समाजाने सत्कार ठरवला. केळूसकरांनी त्या सभेत आपले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी त्यांनी ते लिहिले होते. त्या पुस्तकाने काय केले हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत या पुस्तकाची आठवण नोंदवली आहे. एका सत्कारात दिलेल्या एका पुस्तकाचा धागा १९५६ च्या नागपूरपर्यंत पोहोचतो.

पण केळूसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत, आणि आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने हीच खरी गोष्ट आहे.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरपर्यंत कसेबसे निभावले. त्यानंतर सुभेदारांचे हात टेकले. फी भरायला पैसा उरला नाही. शिक्षण इथेच थांबणार होते, आणि थांबले असते तरी कोणाला नवल वाटले नसते. त्या काळात इंटर झालेला महार मुलगा म्हणजेच मोठी गोष्ट होती. त्याला कुठेतरी कारकुनी मिळाली असती.

त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईत टाऊन हॉलच्या सभेत जाहीर केले होते की अस्पृश्य समाजातला लायक विद्यार्थी उच्च शिक्षण घेऊ इच्छित असेल तर त्याला आपण मदत करू. अशा घोषणा सभांमध्ये होतात आणि विरून जातात. ज्या मुलासाठी ती घोषणा होती तो मुलगा त्या सभेत नसतो. केळूसकरांनी ती घोषणा लक्षात ठेवली. महाराजांपर्यंत पोहोचण्याची वाट काढली, त्यांना घोषणेची आठवण दिली आणि भीमरावांना त्यांच्यासमोर नेऊन उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तकांची आणि कपड्यांची मदत केली. १९१२ साली भीमराव बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले.

योजना होती, पैसा होता, लायक मुलगाही होता. तरीही या तिघांची गाठ आपोआप पडली नाही. ती एका शिक्षकाने घालून दिली. आमचा सारा लेख या एका वाक्याभोवती आहे.

४ जून १९१३ चा करार

बी.ए. झाल्यावर भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. ते मुंबईला परतले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी प्राण सोडला. ज्याने मध्यरात्री उठवून अभ्यास करून घेतला त्या बापाला मुलाच्या पुढच्या पदव्या पाहायला मिळाल्या नाहीत.

त्याच वर्षी बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. भीमरावांनी अर्ज केला आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा ११.५ पौंड, मुदत ३ वर्षे. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर संस्थानात १० वर्षे नोकरी करायची, अशी अट होती. घरी रमाई आणि अवघ्या काही महिन्यांचा यशवंत. कमावता बाप नुकताच गेलेला. अशा वेळी २२ वर्षांचा तरुण जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचला.

तिथे त्याने वेळेचा हिशेब कसा ठेवला हे आजच्या विद्यार्थ्याने पाहावे. ३ वर्षांत अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. सेलिग्मन आणि ड्युई यांच्यासारखे शिक्षक मिळाले. लाला लजपतराय त्या वेळी अमेरिकेत होते आणि तिथल्या राजकीय कामात त्यांनी या तरुणाला ओढण्याचा प्रयत्न केला. भीमरावांनी ते त्या वेळी नाकारले. ते राजकारणाला घाबरत नव्हते, हे पुढच्या ४० वर्षांनी दाखवून दिलेच. पण हातात ३ वर्षे मोजून होती आणि ती कशासाठी मिळाली आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते. चळवळीत आलेल्या आणि वर्ष मागे राहिलेल्या आमच्या तरुण मित्रांनी या प्रसंगाचा विचार करावा, असे आम्ही आपुलकीने सुचवतो.

मिळालेल्या पैशातून घरी पैसे पाठवायचे होते, खायचे होते, आणि जुनी पुस्तके विकत घ्यायची होती. पोटाला चिमटा काढून त्यांनी पुस्तके जमवली. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि रचना यावरचा निबंध वाचला. त्याच वर्षी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. जातिव्यवस्थेचा पहिला शास्त्रीय हिशेब मांडायला आपल्या माणसाला शिष्यवृत्तीवर सातासमुद्रापार जावे लागले.

मुदत संपते तेव्हा

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी नाव घातले. बडोद्याकडून मुदत थोडी वाढवून मिळाली होती, पण ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतण्याचा हुकूम आला. परतण्याआधी त्यांनी एक काम मात्र केले. लंडन विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून ४ वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवली. खिशात पैसा नव्हता, परत येता येईल याची खात्री नव्हती, तरी दार बंद होऊ दिले नाही. शिक्षण मध्येच थांबवावे लागणाऱ्या प्रत्येकाने हे शिकण्यासारखे आहे. कॉलेज सोडायची वेळ आलीच तर गप्प निघून जाऊ नये. रीतसर अर्ज करावा, खंड मंजूर करून घ्यावा, कागद हातात ठेवावा.

करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला बडोदा शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. तिथूनही ११ व्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. कार्यालयात शिपाईसुद्धा कागद लांबून टाकत. शिष्यवृत्तीने पदवी मिळाली, पण राहायला खोली मिळाली नाही. ते मुंबईला परतले आणि बडोद्याची नोकरी सुटली. करार पाळायला ते गेले होते. तो पाळू दिला नाही तो जातीने. तरीही पुढे शिक्षणाच्या खर्चाची परतफेड त्यांच्याकडे मागितली गेली आणि ते ओझे बरीच वर्षे त्यांच्या मानेवर राहिले.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर बाजारातल्या सल्ल्याचा व्यवसाय काढून पाहिला. जात कळताच गिऱ्हाईक तुटले. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार ४५० रुपये. चाळीतले राहणे त्यांनी बदलले नाही. खर्च वाढवला नाही. पगारातला पैसा लंडनसाठी बाजूला पडत गेला. घरखर्चाच्या ठरावीक रकमेत संसार रेटण्याचे काम रमाईंनी केले.

याच काळात राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब यांचा संबंध आला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली होती आणि शिक्षणाचा प्रश्न राहण्या-जेवणाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे हे कृतीने दाखवले होते. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज घेऊन बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस दिवस बसून त्यांनी अभ्यास केला. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत दिला तेव्हा पैसे संपले होते. ते एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि पाठवला. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. वकिलीची सनद घ्यायलाही नवल भथेनाच मदतीला आले.

या वर्षांची किंमत रमाईंनी दिली. पाच अपत्यांपैकी चार अपत्ये या माउलीने गमावली. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात विद्यार्थ्याचे नाव लिहिताना तिचेही नाव लिहिले पाहिजे.

मेहेरबानीकडून हक्काकडे

इथपर्यंतची कहाणी एका विद्यार्थ्याची आहे. इथून पुढची कहाणी समाजाची आहे.

बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून एक गोष्ट ओळखली होती. त्यांना शिक्षण मिळाले ते एका राजाच्या उदारतेमुळे, एका शिक्षकाच्या तळमळीमुळे आणि एका मित्राच्या विश्वासामुळे. हे तिन्ही योग प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणार नाहीत. राजाची मर्जी बदलते, दिवाण बदलतो, मुदत संपते. म्हणून मदत ही मेहेरबानी न राहता हक्क झाली पाहिजे आणि ती नियमाने, अंदाजपत्रकातून, दर वर्षी मिळाली पाहिजे.

जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेने पहिल्या कामांत घेतले ते सोलापूरचे वसतिगृह. ते १९२५ च्या सुरुवातीला सुरू झाले. खेड्यातला मुलगा हायस्कूलपर्यंत पोहोचायचा तर त्याला शहरात डोके टेकायला जागा हवी, हे त्यांनी बडोद्याच्या रस्त्यावर भोगले होते. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली आणि माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या वसतिगृहांचे काम वाढले.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. पद मिळाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले. उच्च शिक्षण, विज्ञान-तंत्रशिक्षण आणि परदेशी शिक्षण यांसाठी सरकारने पैसा द्यावा, ही त्यातली महत्त्वाची मागणी होती. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना सरकार अनुदान देते, तर मग या समाजाला का नाही, हा त्यांचा रोखठोक मुद्दा होता. यातून १९४४ मध्ये वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद होऊन अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्याची सोयही त्याच काळात झाली.

आज महाडीबीटीवर ज्या योजनेचा अर्ज आपली मुले भरतात, ती भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणजे हीच. १९४४ पासून चालत आलेली. ती कोणा सरकारने दिलेली खिरापत नाही. दरमहा २५ रुपयांवर बी.ए. झालेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या पुढच्या लाखो विद्यार्थ्यांसाठी मिळवलेली ती तरतूद आहे. अर्ज भरायला लाज वाटते म्हणणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा.

पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. मुंबईत नोकरी करून शिकणाऱ्यांना सकाळचे कॉलेज मिळाले, मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना घराजवळ उच्च शिक्षण मिळाले. कॉलेजांना नावे दिली ती बुद्ध परंपरेतली. धम्मदीक्षेच्या आधी कितीतरी वर्षे ज्ञान आणि धम्म यांची सांगड त्यांनी अशी घालून ठेवली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

बौद्ध विद्यार्थ्यांचा वेगळा लढा

१९५६ नंतर एक नवा प्रश्न उभा राहिला. धर्मांतर केले म्हणून बौद्धांच्या केंद्रीय सवलती बंद झाल्या. धम्म स्वीकारल्याने शेतमजुराचे घर एका रात्रीत श्रीमंत झाले नव्हते, पण कागदावर तो अनुसूचित जातीचा राहिला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात मात्र १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा समावेश झाला. या ३४ वर्षांत ज्यांची केंद्राची संधी हुकली त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

हा इतिहास आजच्या विद्यार्थ्याच्या दाखल्यात शिल्लक आहे. राज्याच्या आणि केंद्राच्या कामांसाठी जातीच्या दाखल्याचे नमुने वेगळे असतात. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय नोंद आहे, हे बारावीच्या निकालानंतर शोधायचे काम नव्हे. ते नववीत असतानाच शोधून ठेवायचे.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही लक्ष वेधतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात ज्या विषयावर निबंध वाचला, तो विषय घेऊन त्यांचाच वारस या शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊ शकत नाही. संस्थानिकाच्या पैशावर जातीचा अभ्यास करता आला आणि स्वतंत्र भारताच्या पैशावर करता येऊ नये, हे आम्हाला मान्य नाही. शिष्यवृत्तीच्या रकमेइतकेच तिच्या अटींवर लक्ष ठेवणे हेही चळवळीचे काम आहे.

मग आपण काय करायचे?

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. आठवीत असाल तर एनएमएमएस परीक्षा द्या; निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर अकरावी-बारावीसाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. अकरावीपासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिची उत्पन्न मर्यादा सध्या अडीच लाख आहे, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. गावाबाहेर शिकायचे असेल तर समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज निकालाबरोबरच करा, आणि तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा. पदवीनंतर बाहेरच्या देशात जायचे असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे. नियम आणि तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. कोणाच्या ऐकीव माहितीवर राहू नका. जातीचा दाखला, उत्पन्न प्रमाणपत्र, अधिवास, आधारशी जोडलेले बँक खाते आणि शाळा सोडल्याचा दाखला यांची एक फाइल नववीतच तयार ठेवा.

पण आमचे खरे सांगणे कार्यकर्त्यांना आहे. योजना आज आहेत. बाबासाहेबांच्या लहानपणी नव्हत्या तितक्या आहेत. कमी आहेत ते केळूसकर. टाऊन हॉलमधली घोषणा ऐकून ती लक्षात ठेवणारा, चाळीतल्या मुलाचे नाव माहीत असणारा आणि त्याला हाताला धरून योग्य दारापर्यंत नेणारा माणूस.

प्रत्येक विहाराने असा एक माणूस किंवा एक बाई नेमावी. त्यांच्याकडे वस्तीतल्या आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव असलेली वही असावी. कोण कितवीत, कोणता दाखला निघाला, कोणता बाकी, कोणता अर्ज भरला, पैसे जमा झाले की नाही. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ही वही उघडावी. नोकरीला लागलेल्यांनी एकेका विद्यार्थ्याचा पहिला हप्ता येईपर्यंतचा खर्च उसना द्यावा. नवल भथेनांनी मित्रासाठी केले ते आपण आपल्यांसाठी करू शकतो. मुलींची नावे वहीत आधी लिहावीत, कारण पैसा कमी पडला की घरातून पहिले शिक्षण त्यांचेच थांबते. आणि ३८ टक्केवाल्याचे नाव वहीतून गाळू नये.

जयंतीला मिरवणूक काढायला, वर्गणी गोळा करायला आपल्याकडे माणसे कमी पडत नाहीत. त्यातली दोन माणसे या वहीसाठी द्या. पुढच्या जूनमध्ये सत्काराच्या सभेत ट्रॉफीबरोबर प्रत्येक मुलाच्या हातात भरलेल्या अर्जाची पावतीही असली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!